प्रज्ञाचं शिफारसपत्र

नोव्हेंबर अर्धा सरला की आमच्या विभागाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्या जाहिराती यायला लागतात. ‘पोस्ट डॉक्टरल फेलो, जागा एक, मुदत दोन वर्षं, वय पस्तिशीच्या आत.’ खाली मागितलेल्या कागदांची ही एवढी यादी. पीएचडीचं प्रमाणपत्र, छापून आलेले शोधनिबंध, पुढे काय करणार त्याचा आराखडा आणि सगळ्यात शेवटी, मार्गदर्शकाचं शिफारसपत्र. जाहिरात आली की पीएचडी झालेली आणि होत आलेली सगळी पोरंपोरी अंगात आल्यासारखी धावत सुटतात. झेरॉक्सवाल्याकडे रांग, प्रिंटरचा कागद अडकलेला, कॅन्टीनमध्ये चहा गार होतोय आणि कुणीतरी कुणालातरी ‘तुझा आराखडा दाखव ना’ म्हणून मस्का लावतंय. बघायला मजा येते खरं तर. पण मला हे दिवस सोसत नाहीत. का सोसत नाहीत, ते सतरा वर्षं मी कुणाला सांगितलं नव्हतं. घरात नाही, आणि जिला सांगायला हवं होतं त्या प्रज्ञाला तर नाहीच नाही.

यंदा सांगून टाकायचं ठरवलं, त्याला निमित्त झाली ऋतुजा. ऋतुजा माझी विद्यार्थिनी, हुशार, जरा बावळट. परवा केबिनच्या दारात उभी राहून म्हणाली, “मॅडम, रेकोचा ड्राफ्ट मीच करून आणू ना? तुम्ही फक्त सही करा.” मी अशी काही डाफरले तिच्यावर की शेजारच्या केबिनमधले सर डोकावून गेले. पोरगी रडवेली झाली. तिचं काय चुकलं होतं? काही नाही. आमच्याकडे ही रीतच आहे. शिफारसपत्र मार्गदर्शकाने लिहायचं असतं हे कागदावर. खरं म्हणजे विद्यार्थीच लिहून आणतो, साहेब चष्मा वर सरकवून शेवटची ओळ बघतात आणि सही ठोकतात. स्वतःची स्तुती स्वतःच, तीही तिसऱ्या पुरुषात. पहिल्यांदा लिहिताना लाजेने कान तापतात. दुसऱ्यांदा तापत नाहीत.

मी पहिल्यांदा लिहिलं तेव्हा एकोणतीस वर्षांची होते. लालबागला चाळीत राहायचे, वडील गिरणीतून बाहेर पडून वॉचमनकी करत होते. पोस्टडॉक म्हणजे काय, हे त्यांना समजावता समजावता माझी दमछाक झाली होती. “म्हणजे प्रोफेसर?” नाही. “म्हणजे आणखी एक परीक्षा?” नाही. दोन वर्षं काम करायचं, मग बघू, ठेवलं तर ठेवलं, नाहीतर दुसरीकडे. आणि मग त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. “म्हणजे बदलीवाला!” गिरणीत कायम कामगार गैरहजर असला की त्याच्या जागी उभा राहायला दारात ताटकळायचा तो बदली कामगार. “एवढा शिकान बदलीवालाच होवचा होता तर पीएचडी कित्याक केलंस गो?” आई आतून म्हणाली, “होऊंदे हो. बदलीवालेच नंतर कायम होतत.” आईचं बरोबर निघालं. मी कायम झाले. पण ते कसं, तेच तर सांगायचंय.

प्रज्ञा माझ्याच गाईडकडे होती, माझ्याहून एका वर्षाने लहान. डिलाईल रोडच्या बीडीडी चाळीतली. तिचेही वडील गिरणीतले. आमचे दोघींचे बाप एकाच भोंग्यावर उठत असणार, पण आमची ओळख झाली ती प्रयोगशाळेत. आम्ही वरळीच्या खडकांवरच्या कालवांमध्ये कुठले धातू किती उतरलेत ते मोजायचो. ओहोटीचा तक्ता बघून कोळीवाड्याच्या मागे उतरायचं, कालवं काढायची, बर्फात घालून आणायची, सोलून वाळवून नायट्रिक ॲसिडमध्ये विरघळवायची. पिवळा धूर, घशात खवखव, आणि हाताला रात्रंदिवस येणारा तो खाऱ्या चिखलाचा वास. बसमध्ये शेजारची बाई उठून दुसरीकडे जाऊन बसायची. प्रज्ञा हसायची, “बरं झालं, पाय पसरता येतील.”

डिसेंबर लागला की अजून तो वास मला येतो. गिरगावात नळबाजाराकडून येताना, दादरला शेवंतीच्या ढिगाशेजारून जाताना, कुठेही. फुलांच्या वासातून तो चिखलाचा वास बरोबर वर येतो. त्या दिवसांतली मुंबई तशी प्रेमळ असते. सकाळी वीस अंश झाले की लोक हौसेने स्वेटर घालतात. घराघरात मार्गशीर्षाचे गुरुवार, ओले हरभरे, वाटाण्याच्या शेंगा निवडत बसलेल्या बायका. वरळीला बोंबील वाळत असतात आणि ऊन अंगाला लागत नाही. मी आणि प्रज्ञा अशाच एका दुपारी खडपांवर वाकलो होतो. एक खडप होतं, कालवांनी नुसतं भरलेलं, आणि कोळणी त्याला हात लावत नव्हत्या. मी म्हटलं, चला, आपल्याला आयतं मिळालं, आणि पिशवी भरायला लागले. प्रज्ञा मात्र हिरामावशी म्हणून एक म्हातारी कोळीण होती तिच्याकडे गेली आणि विचारलं, “मावशी, हे का सोडलंय तुम्ही?” मावशी म्हणाली, “नको गो पोरी त्या खडपाची. कळकल्यावानी लागतान.” कळकलेलं म्हणजे तांब्या-पितळेच्या भांड्यात ताक ठेवलं की जसं होतं तसं. मी हसून सोडून दिलं. प्रज्ञाने सोडलं नाही. तिने त्या खडपाची कालवं वेगळी मोजली. तांबं भरमसाट निघालं. जवळच कुठलंतरी गटार समुद्रात सुटत होतं, आणि आमच्या कुठल्याच नकाशात ते नव्हतं. मग तिने सगळ्या कोळीवाड्यात हिंडून कुठली खडपं बायका टाळतात त्याची यादी केली आणि त्यावरून पुढचं सगळं सँपलिंग बदललं. सर खुर्चीतून उठले होते ते ऐकून. मी बघितलंय.

सर म्हणजे आमचे गाईड, सबनीस सर. देवमाणूस, पण आळशी. कुठलंही पत्र स्वतः लिहायचे नाहीत. मात्र दुसऱ्यांनी लिहिलेली पत्रं वाचायची त्यांना भारी हौस. निवड समितीवर असायचे, आमच्यासमोर वाचायचे आणि शिकवायचे. एकदा म्हणाले, “हे बघा, ज्याच्याबद्दल ‘कल्पक’ लिहिलंय, ‘स्वतंत्र बुद्धीचा’ लिहिलंय, तो घ्यायचा. ज्याला ‘प्रामाणिक, कष्टाळू आणि नम्र’ म्हटलं, तो गेला. त्याच्याबद्दल सांगण्यासारखं दुसरं काही नव्हतं असा त्याचा अर्थ.” आम्ही सगळे खो खो हसलो. प्रज्ञा त्या दिवशी प्रयोगशाळेत नव्हती. मी होते. हे मुद्दाम लिहून ठेवते, म्हणजे मला माहीत नव्हतं असं कधी म्हणता येणार नाही.

तर जाहिरात आली. दक्षिणेतलं एक विद्यापीठ, समुद्रावरची प्रयोगशाळा, विषय अगदी आमचाच. जागा एक. मुलाखत नाही, निवड नुसत्या कागदांवर. दोघींनी अर्ज केला. भांडण नाही, रुसवा नाही, एकाच पोह्यांच्या बशीत चमचे घालून आम्ही फॉर्म भरले. परळच्या इस्पितळात एका ओळखीच्या डॉक्टरकडे जाऊन प्रतींवर शिक्के मारून घेतले. शिफारसपत्र आठ डिसेंबरच्या आत पोस्टात पडायला हवं होतं. सरांनी नेहमीप्रमाणे हात झटकले, “दोघींची लिहून आणा, सही करतो.”

“वैशू, माझं पण तूच लिहून टाक ना,” प्रज्ञा म्हणाली. “चार तारखेपासून मी पार्कातच असणारे.” सहा डिसेंबरला तिच्या चाळीचं मंडळ शिवाजी पार्कला बाहेरगावहून चैत्यभूमीवर येणाऱ्या माणसांसाठी जेवणाचा आणि पाण्याचा स्टॉल लावायचं. लहानपणापासून तिने एक वर्ष चुकवलं नव्हतं.

“अगं, तुझं मी काय लिहू?”

“तुला माहितीये की सगळं. आणि तुझं इंग्लिश भारी. तू नाही लिहिणार तर कोण लिहिणार?”

पाच तारखेला संध्याकाळी मी सरांच्या टायपिस्टच्या कॉम्प्युटरवर बसले. आधी माझं लिहिलं. कल्पक. स्वतंत्र बुद्धीची. नेतृत्वगुण असलेली. वा रे वा! कोण ही पोरगी, मीच विचारात पडले. मग प्रज्ञाचं उघडलं. पहिलं वाक्य लिहिलं, ‘मी हिला पाच वर्षं ओळखतो.’ आणि थांबले. हिरामावशीचं खडप लिहिलं असतं तर पुढे काही लिहायचीच गरज नव्हती. ते एक वाक्य वाचून कुणीही तिलाच बोलावलं असतं, मीसुद्धा. मी तिथे लिहिलं, ‘नमुने गोळा करण्यात हिने मोलाची मदत केली.’ मग लिहिलं प्रामाणिक. मग कष्टाळू. मग नम्र. एक शब्द खोटा नव्हता त्यात. प्रज्ञा प्रामाणिक होती, कष्टाळू तर विचारू नका. म्हणूनच झरझर लिहून झालं.

मनात काय चाललं होतं, तेही सांगते. विभागाच्या कॅन्टीनमध्ये कुणी ना कुणी कधीमधी बोलायचं, “त्यांना काय, मिळतंच कुठे ना कुठे.” मी अशा वेळी गप्प बसायचे, आणि गप्प बसते म्हणून स्वतःला बरी समजायचे. त्या संध्याकाळी मात्र तेच वाक्य माझ्या डोक्यात आलं, शब्दन् शब्द तेच. तिला काय, मिळेलच कुठेतरी. मला ही एकच संधी. त्या फेलोशिपला कसलं आरक्षणच नव्हतं, हे मला चांगलं ठाऊक होतं. तरी तो विचार केला, कारण तो त्या वेळी सोयीचा होता. लाज वाटते आता हे लिहायला, आणि वाटायलाच हवी.

सहा तारखेला मी ते पत्र पिशवीत घालून शिवाजी पार्कला गेले. का गेले कुणास ठाऊक. बहुधा तिने वाचावं, ओरडावं, फाडावं म्हणून. ही गर्दी! धुळीने डोळे चुरचुरत होते, पुस्तकांच्या स्टॉलवर माणसं एकमेकांच्या खांद्यावरून वाकून पुस्तकं बघत होती, विदर्भातल्या कुठल्या कुठल्या गावातून आलेल्या म्हाताऱ्या पांढरी पातळं नेसून मातीतच पाय लांब करून बसल्या होत्या. प्रज्ञा पदर खोचून भाजी वाढत होती, कोपरापर्यंत पिवळी. मला बघून ओरडली, “आलीस? आधी खाऊन घे!” पुरीभाजीचा द्रोण हातात दिलान. मी म्हटलं, “तुझं पत्र आणलंय. वाचतेस?” म्हटलं म्हणजे काय, पुटपुटले.

“हात बघ माझे,” ती हसत म्हणाली. “तू लिहिलंयस ना? मग दे सरांना.”

मी उभ्या उभ्या तिची पुरीभाजी खाल्ली आणि गेले. दुसऱ्या दिवशी सरांनी दोन्ही पत्रांवर सह्या केल्या. पाकिटाच्या तोंडाला डिंक लावला, त्यावरूनही सही केली. पत्रं वाचली नाहीत. “काय वाचायचंय, तू लिहिलंयस ना,” सरही तेच म्हणाले.

जागा मला मिळाली. निघायच्या आदल्या दिवशी प्रज्ञा लालबागला घरी आली, आईने केलेली घावनं खाल्ली, आणि पिशवीतून तिचे गमबूट काढून माझ्यासमोर ठेवले. “तुझे फाटलेत. तिकडे खडपं असणार, हे घेऊन जा.” दोन वर्षं मी तिचे बूट घालून दुसऱ्या समुद्रात उतरले. तिथून छापलेल्या कामावर मुंबईत नोकरी लागली, नोकरीवर लग्न, कर्ज काढून माहीमला घर. लोक म्हणतात, वैशालीने स्वतःच्या हिमतीवर केलं सगळं. मी मान हलवते. दुसरं काय करणार?

प्रज्ञा अर्ज करत राहिली. मला कानावर यायचं. कधी इकडून नकार, कधी तिकडून उत्तरच नाही. मधल्या काळात तासिका तत्त्वावर या कॉलेजात त्या कॉलेजात शिकवत होती. भेटली की नेहमीसारखी हसायची, म्हणून मी भेटायचं कमी केलं. वाढदिवसाला मेसेज, नव्या वर्षाला मेसेज. सर वारले तेव्हा आम्ही शेवटच्या भेटलो, स्मशानात, तिथे काय बोलणार? मी स्वतःची समजूत घालत आले की एक जागा होती, गेली. अशा जागा रग्गड असतात. बाकीच्या काही मी नव्हत्या घेतल्या.

आणि गंमत बघा, आता मीच निवड समितीवर बसते. ढिगाने पत्रं येतात. प्रामाणिक, कष्टाळू, नम्र असं आलं की हात आपोआप तो अर्ज डावीकडे सरकवतो. डावीकडे म्हणजे नाही. कधीकधी सरकवलेला अर्ज मी परत ओढून घेते आणि आत काही सापडतंय का बघते. समितीवरचे बाकीचे म्हणतात, मॅडम फार वेळ लावतात बुवा.

ऋतुजाला मी दुसऱ्या दिवशी बोलावलं, सॉरी म्हटलं, समोर बसवलं आणि तिचं पत्र तिला विचारत विचारत स्वतः लिहिलं. दोन तास लागले. ती गेल्यावर मला इतकं हलकं वाटलं की माझाच मला राग आला. एका पोरीचं पत्र लिहून काय मोठे दिवे लावलेस? जिचं लिहायचं होतं तिचं काय? तशीच उठले, टॅक्सी केली आणि डिलाईल रोडला गेले.

प्रज्ञा आता अकरावी-बारावीचे बायोलॉजीचे क्लास घेते. तळमजल्यावर एक खोली, बाकं, फळ्यावर हृदयाची आकृती, चारही कप्पे वेगवेगळ्या रंगात. दुपारच्या बॅचला अजून अर्धा तास होता. केस पुढे पांढरे झालेत तिचे. “अय्या, वैशू! तू कशी काय वाट चुकलीस?” म्हणत तिने खालच्या टपरीवरून दोन कटिंग मागवले. मी चहा येईपर्यंतसुद्धा थांबले नाही. थांबले असते तर परत गप्प बसले असते.

“प्रज्ञा, तुझं ते शिफारसपत्र मी लिहिलं होतं.”

“माहितीये की. मीच सांगितलं होतं तुला.”

“काय लिहिलं होतं ते माहीत नाही तुला.” आणि मी सांगितलं. सरांचं ते शिकवणं, माझ्या पत्रात काय, तिच्या पत्रात काय, हिरामावशीचं खडप कसं गाळलं, सगळं. रडायचं नाही असं ठरवून गेले होते, तेवढं जमलं.

ती फळ्याकडे बघत होती. चहा आला. तिने एक ग्लास माझ्याकडे सरकवला आणि दुसरा हातात नुसता धरून ठेवला.

“परबकाका आठवतात?” तिने विचारलं. परबकाका म्हणजे सरांचे टायपिस्ट. “त्यांच्या कॉम्प्युटरवर होतं ते पत्र. मी प्रत्येक अर्जाच्या वेळी जायचे. ते तारीख बदलायचे, विद्यापीठाचं नाव बदलायचे, सर सही करून पाकीट बंद करून द्यायचे. तेच पत्र, वैशू. सात वर्षं सगळीकडे तेच गेलं.”

सतरा वर्षं मी एका जागेचं ओझं वागवत होते. पाकिटं तीच स्वतःच्या हाताने पोस्टात टाकत होती.

“मी आईला सांगायचे,” ती म्हणाली, “माझ्या कामातच काहीतरी कमी असेल. रात्ररात्र बसून आराखडा बदलायचे. इंग्रजीचा क्लाससुद्धा लावला होता मी.”

“प्रज्ञा, मला माफ...”

“थांब.” आवाज चढला नव्हता तिचा. विद्यार्थ्याचं गणित कुठे चुकलं ते दाखवताना काढतात तसा आवाज होता. “एकोणतीस वर्षांची होतीस, नोकरी हवी होती, लिहून बसलीस. ते कळतं मला. पण तू पुढच्या वर्षी जरी सांगितलं असतंस ना, तर मी दुसरं पत्र लिहून घेतलं असतं. सर होते तेव्हा. मी एकोणतीस वर्षांची होते. पस्तीसपर्यंत वेळ होता माझ्याकडे.”

एवढी वर्षं मी त्या एका संध्याकाळची लाज बाळगून होते, आणि त्यानंतरच्या प्रत्येक डिसेंबरकडे माझं लक्षच गेलं नव्हतं. दर वर्षी जाहिरात यायची, दर वर्षी मला वाईट वाटायचं, आणि वाईट वाटतंय म्हणजे मी काहीतरी करतेय असं मी समजत होते.

बाहेर मुलांचा गलबला सुरू झाला. ती उठली, ओल्या फडक्याने फळ्याचा एक कोपरा पुसायला लागली. मी चहा तसाच ठेवून दाराशी गेले, चपला पायात घातल्या आणि म्हटलं, “येते.”

आपल्याकडे येते म्हटलं की समोरचा ‘ये’ म्हणतो. भांडण झालेलं असलं तरी म्हणतो. प्रज्ञाने मान वळवून एकदा माझ्याकडे बघितलं, “बरं,” म्हणाली, आणि मुलांना आत घेतलं.